ठिबक चालू आहे तरी शेवटची रोपं सुकतायत? सामूहिक परसबागेत मी कुठून तपासायला सुरुवात करते ते सांगते

सांगोल्यात आमच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेवर आम्ही २२ घरं मिळून भाजीपाला करतो. प्रत्येक घराला एक वाफा, पाणी मात्र सगळ्यांचं एकत्र. बोअरचं पाणी टाकीत चढतं, टाकी एका छोट्या खोलीच्या स्लॅबवर आहे, तिथून फिल्टर, मग सबमेन, म्हणजे सगळ्या वाफ्यांना पाणी वाटणारा मोठा पाइप, आणि प्रत्येक वाफ्याला एक एक १६ एमएमची नळी. वांगी, मिरची, टोमॅटो, गवार, दोडका, कडेने शेवगा. आणि दरवर्षी होळी झाली, उन्हं तापायला लागली की सकाळी सकाळी कुणीतरी येऊन सांगतंच, "ताई, माझ्या वांग्याला पाणीच येत न्हाय."

हा बिघाड मी आता इतक्या वेळा काढलाय की डोळे झाकून क्रम सांगेन. सुरुवातीला आम्हीपण सगळ्यांसारखंच केलं, तोट्या, म्हणजे नळीवरचे थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर, चोक झाल्या म्हणून नवीन आणले, बसवले, आणि महिन्याभरात परत तेच, कारण बिघाड तोट्यांत नव्हताच. म्हणून कळकळीने सांगते, दुकानात जायच्या आधी हे सगळं करून बघा, यातल्या पहिल्या चार-पाच गोष्टींना एक रुपया लागत नाही.

आधी लक्षण नीट बघा

लक्षण बघायचं ते सकाळी ७ च्या आत. दुपारी २ ला दोडका, भोपळा, टोमॅटो पाणी असलं तरी माना टाकतात, पानं उन्हापासून वाचायला तसं करतात आणि संध्याकाळी परत उभी राहतात. सकाळीसुद्धा रोप मलूल दिसतंय तर मग खरी तक्रार.

नळीच्या सुरुवातीची रोपं टवटवीत आणि शेवटाकडे जाता जाता बारीक होत गेलीत, असं असेल तर प्रेशर कमी पडतंय किंवा नळीच्या शेपटात गाळ बसलाय. मधेच एखाद-दुसरं रोप सुकलंय आणि आजूबाजूची ठीक आहेत तर तेवढीच तोटी बंद आहे. एक अख्खी नळी कोरडी असेल तर ती कुठेतरी दुमडलीय किंवा सबमेनला जिथे जोडलीय तिथेच काहीतरी अडकलंय. सगळ्याच वाफ्यांना कमी येतंय तर टाकी, कॉक आणि फिल्टर बघायचं, वाफ्यांकडे जायचंच नाही. आणि एकीकडे चिखल नि दुसरीकडे भेगा असतील तर नळी फुटलीय.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. रोपाच्या बुडाशी बोट खुपसून बघा, दोन पेरं आत. माती ओली लागतेय आणि तरी रोप सुकतंय तर ठिबकला दोष देऊ नका, ते मुळाचं दुखणं आहे. टोमॅटो किंवा वांगं असेल तर एक रोप उपटा. मुळांवर गाठी आहेत का बघा, असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. गाठी नसतील तर बुडाजवळ खोड कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडवून न हलवता धरा, पाच-दहा मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग. इथे थांबायचं, औषध फवारत बसायचं नाही. उपटलेलं रोप मुळासकट पिशवीत बांधून तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचं, आणि त्या वाफ्यातलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या वाफ्यात न्यायचं नाही. २२ जणांची बाग आहे, एकाचा रोग सगळ्यांना जातो.

माती कोरडी लागली तर पुढे वाचा.

फुकटातल्या तपासण्या

टाकीत पाणी किती आहे ते वर चढून बघा. हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे तीनदा हेच निघालंय. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की प्रेशर अजून पडतं आणि शेवटच्या वाफ्यांना ते आधी जाणवतं. तेवढ्यातच टाकीचं झाकणपण बघून घ्या. झाकण उघडं राहिलं की उजेड आत जातो आणि उजेड गेला की शेवाळ धरतं, ते शेवाळ पुढे फिल्टरला चिकटतं, आणि मग सगळे तोट्यांना नावं ठेवतात.

मग कॉक. आता हे जरा सविस्तर सांगते कारण सामूहिक बागेत निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आमच्याकडे एका नळीवर २५ तोट्या, तोटीवर लिहिलेलं असतं तासाला ४ लिटर, म्हणजे कागदावर एका नळीला १०० लिटर आणि २२ नळ्या एकदम सोडल्या तर तासाला २२०० लिटर. एवढं पाणी स्लॅबवरच्या टाकीतून ढकललं जातच नाही. उंचीचं गणित सोपं आहे, १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला १ किलो). आमची टाकी वाफ्यांपासून ९ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर, त्यामुळे प्रेशर जेमतेम पाव किलो. आणि तोटीवरचे ते ४ लिटर १ किलो प्रेशरला असतात. साधी तोटी असेल तर पाव प्रेशरला पाणी अर्धं होतं, म्हणजे २ लिटरच्या आसपास. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

तर तपासणी अशी करायची की निम्मे कॉक बंद करायचे आणि पंधरा मिनिटांनी ज्या वाफ्याची तक्रार आहे त्याच्या शेवटच्या तोटीपाशी उकिडवं बसून बघायचं. थेंब जोरात यायला लागले ना? मग तुमच्याकडे चोक बिक काही नाही, एका वेळी जास्त वाफे सोडले जातायत. आम्ही चार गट केले, कॉकच्या दांडीला लाल, पिवळी, हिरवी, निळी चिंधी बांधली, आणि सकाळी कुणीही आलं तरी एका वेळी एकाच रंगाचे कॉक उघडायचे. आधी प्रत्येकजण आला की आपला कॉक उघडायचा आणि तसाच सोडून जायचा, कुणाचं चुकत नव्हतं, प्रत्येकाला आपल्या भाजीची काळजी, पण त्यामुळे शेवटच्या सहा वाफ्यांचा उन्हाळा दरवर्षी वाया जायचा आणि त्यातले दोन वाफे तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे होते ज्या बाजारातून भाजी घेणं टाळता यावं म्हणूनच इथे येतात.

कॉक करूनही फरक नाही पडला तर फिल्टर. मेन कॉक बंद करा, फिल्टर उघडा, जाळी किंवा चकत्या बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश अजिबात नको, जाळी फाटते आणि फाटलेली जाळी म्हणजे फिल्टर नसल्यासारखंच. उजेडाकडे धरून बघा, भोक दिसलं तर जाळी बदलायचीच. परत बसवताना रबरी रिंग जागेवर बसली का ते बघा, ती दुमडली की पाणी जाळीला वळसा घालून गाळासकट पुढे जातं. उन्हाळ्यात आम्ही आठवड्यातून दोनदा धुतो.

शेपूट सोडा

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण नळीच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

नळीच्या शेवटी ती दुमडून आठच्या कडीत अडकवलेली असते किंवा एंड कॅप असते. आधी सबमेनच्या शेवटचा फ्लश वॉल, म्हणजे गाळ बाहेर सोडायचा कॉक, उघडून ती धुवून घ्यायची, नाहीतर सबमेनचा गाळ सगळा नळ्यांत शिरतो. मग नळ्यांची शेपटं सोडायची, पण एका वेळी एकच. सगळी एकदम सोडली तर कुठल्याच नळीत पाण्याला जोर राहत नाही आणि गाळ जागचा हलत नाही. एक सोडा, बाकीचे कॉक बंद, म्हणजे सगळा जोर त्या एका नळीत.

गेल्या वर्षी चैत्रात मी १७ नंबरच्या वाफ्याची कडी काढली, तर पहिलं काही क्षण नुसती हवा, मग कोऱ्या चहासारखं पाणी आलं, त्याच्या मागून तांदळाच्या कणीएवढे पांढरे कण, मग हिरवट कातडीसारखा एक लांब तुकडा निम्मा बाहेर लोंबकळला, तो बोटाने ओढून काढला तसं एकदम धो धो स्वच्छ पाणी. दोन मिनिटांत काम झालं. त्या काकू आठ दिवस कळशीने पाणी घालत होत्या.

बाहेर काय येतंय ते पांढऱ्या वाटीत धरा, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो. रेती आली तर ती बोअरची, फिल्टर तिला अडवायला पुरा पडत नाही. हिरवं चिकट म्हणजे टाकीतलं शेवाळ. पांढरे कण म्हणजे क्षार, आपल्या भागातल्या बोअरला तर ते असायचेच, हंड्याला आणि गिझरला जो पांढरा थर धरतो तोच हा. तांबूस चिकट साय आली तर पाण्यात लोह आहे, त्याचं पुढे सांगते.

स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं, मग कडी परत घट्ट लावायची. कडी लावायची विसरली की अख्ख्या गटाचं पाणी त्या एका तोंडातून जातं, म्हणून ज्याने सोडली त्यानेच लावायची असा आमचा नियम आहे. दर पंधरा दिवसांनी हे केलं की बाकीच्या भानगडी फार कमी होतात.

वाटी लावून मोजा

डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. एकसारखे दोन ग्लास घ्या, एक पहिल्या तोटीखाली, एक शेवटच्या, खाली थोडी माती उकरून ग्लास बसवा आणि मोबाईलवर ६ मिनिटं लावा. आमच्यासारख्या पाव किलोच्या प्रेशरला चांगल्या तोटीतून ६ मिनिटांत २०० मिलिच्या आसपास येतं. मोटरवर १ किलो प्रेशर असेल तर तेवढंच ३ मिनिटांत. शेवटच्या ग्लासात १७०-१८० आलं तरी ठीक, पिकाला तेवढा फरक कळत नाही. १०० च्या खाली असेल तर मधल्या तोटीलापण ग्लास लावा. पाणी हळूहळू कमी होत गेलंय की एका जागेपासून एकदम पडलंय? एकदम पडलं असेल तर त्याच जागेच्या जरासं आधी नळी चेपलीय किंवा फुटलीय.

फुटलेली जागा शोधायला कमी प्रेशरला आवाज येत नाही, फवारा उडत नाही. तिथली हरळी बघा. सगळीकडे गवत करपलेलं आणि एकाच ठिकाणी हरळी हिरवीगार तरारलेली दिसली की तिथे नळी उचलून बघा. बहुतेक खुरप्याचा घाव असतो, नाहीतर खारीने कुरतडलेलं असतं. बिचारी पाण्यासाठी कुरतडते. शेवग्याखाली एक मातीचं पसरट भांडं रोज भरून ठेवायला लागल्यापासून आमच्याकडे हे खूप कमी झालंय. जोडायला तेवढा तुकडा कापून जॉईनर घालायचा, चिंधी आणि सुतळी गुंडाळून चालत नाही, दोन दिवसांत परत गळतं. बारीक भोक असेल तर डमी, म्हणजे भोक बुजवायचं छोटं बूच, ठोकली की झालं.

आता तोट्या

इथपर्यंत येऊनही एखादी तोटी बंदच असेल तर मग तोटी खरंच चोक आहे.

नळीवर बाहेरून टोचलेली बटणासारखी तोटी असेल तर ती बहुतेक फिरवून उघडते. उघडून धुवा. पांढरा थर असेल तर किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून रात्रभर तोट्या भिजत ठेवा, किंवा साधं व्हिनेगर. सुई, टाचणी, खिळा घालू नका. भोक मोठं झालं की त्या तोटीतून दुप्पट पाणी जातं आणि पुढच्या रोपाचं कमी होतं, आणि आत रबरी चकती असलेली तोटी असेल तर ती फाटून कायमची जाते. नळीच्या आतच बसवलेली तोटी उघडत नाही, ती दोन बोटांनी दाबून चोळून बघा, शेपूट सोडलेलं असताना, कधी कधी क्षाराचा थर तडकून सुटतो. नाही सुटला तर तिच्या शेजारी पंचने भोक पाडून बाहेरची तोटी लावून टाका, ५-१० रुपयांत काम होतं, अख्खी नळी बदलायची गरज नाही.

हा क्षार नेमका उन्हाळ्यातच का धरतो? काळी नळी उन्हात तापते, पाणी बंद केल्यावर आत उरलेलं पाणी गरम होतं आणि त्यात विरघळलेला चुना सुटून आत बसतो. तोटीच्या तोंडाशी शेवटचा थेंब सुकतो तिथेही तेच. त्यामुळे नळीवर उसाचं पाचट टाका, चांगलं चार बोटं. नळी गार राहते, माती ओली राहते, तण कमी येतं. फक्त शेपटं आणि कॉक उघडे दिसले पाहिजेत.

अजून एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते ती जीवामृताची. आपल्यापैकी बरेच जण जीवामृत करतात, आम्हीपण करतो, २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. ते ठिबकमधून सोडायचा मोह होतो कारण श्रम वाचतात. पण शेणाचे तंतू आणि बेसनाचे कण फिल्टरने अडवले तर फिल्टर बसतो, नाही अडवले तर तोट्या बसतात, आणि वर गूळ म्हणजे आतल्या जिवाणूंना खाऊ, दोन दिवसांत नळीत बुळबुळीत साय तयार. दुहेरी सुती कापडातून गाळूनसुद्धा माझा अनुभव चांगला नाही. मगाने बुडाशी घाला, २५ रोपांना दहा मिनिटं लागतात. विद्राव्य खतं सोडत असाल तर कॅल्शियम नायट्रेट कधीच फॉस्फेट किंवा सल्फेटवाल्या खताबरोबर एका बादलीत कालवू नका, पांढरा साका होतो आणि तो नळीत सिमेंटसारखा बसतो. आणि कुठलंही खत सोडलं की त्यानंतर १५-२० मिनिटं साधं पाणी.

तोटी चुकीची तर नाही ना

हे नवीन बागांसाठी. दुकानदार चांगली म्हणून प्रेशर कंपेन्सेटिंग तोटी, म्हणजे प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी सोडणारी, देतो, आणि ती चांगलीच असते, डाळिंबाच्या बागेत मोटरवर. पण तिला नीट चालायला साधारण अर्धा ते एक किलो प्रेशर लागतं. स्लॅबवरच्या टाकीवर ती कधी गळते, कधी थेंबही सोडत नाही, आणि लोक चोक समजून साफ करत बसतात. टाकीवरच्या ठिबकला साधी तोटी किंवा मायक्रोट्यूब (तोटीऐवजी लावायची बारीक नळी), मुख्य १६ एमएमची नळी १०-१२ मीटरच्या वर नको, आणि जागा उताराची असेल तर नळी उताराच्या आडवी टाका. आमच्या पहिल्या वर्षीचा निम्मा त्रास या एका कारणाने होता.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

क्षार सगळ्याच नळ्यांत भरलाय, शेपटं सोडून आणि तोट्या भिजवून भागत नाही, तर आम्ल प्रक्रिया लागते. ती स्वतः करू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीत ओतायचं काम आहे, बागेत पोरं फिरत असतात, हातावर डोळ्यात उडालं तर भरून येत नाही. ठिबकचा फिटर आधी पाण्याचा सामू (पीएच) मोजतो, मात्रा काढतो, हातमोजे गॉगल घालतो, आणि ॲसिड पाण्यात घालतो, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. तो करत असताना एक माणूस फाटकावर उभा करा, कुणाला आत सोडू नका.

शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर सोडतात, तीपण विचारूनच. आणि ॲसिड आणि ब्लीचिंग एका दिवशी, एका बादलीत, एका नळीत कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. नळ्यांतून तांबूस साय येत असेल तर ब्लीचिंग सोडल्यावर पाण्यातलं लोह आतच साकळून बसतं आणि दुखणं वाढतं. तेव्हा लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या, अहवाल हातात आला की मगच पुढचं.

बोअरची मोटर उचलत नाही, स्टार्टर पडतोय, पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या येतायत, तर तिथल्या तिथे मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत कुणाला ओल्या पायाने तिकडे जाऊ देऊ नका. प्रेशर वाढवायला छोटी मोटर बसवायचा विचार असेल तरी अर्थिंगसकट वायरमनकडूनच. आणि बोअरमधून सारखी रेती येत असेल तर बोअरवाल्याला दाखवा, फिल्टर बदलून ती थांबणार नाही.

माणूस येईपर्यंत एक-दोन दिवस जातातच, तेवढ्यात रोपं मरू देऊ नका. आधी फुलावर आणि फळावर आलेली रोपं, उन्हं कलल्यावर वांगी-टोमॅटोला एकेक तांब्या दोनदा, मधे पाणी मुरू द्यायचं, मिरचीला अर्धा तांब्या, आणि लगेच वरून पाचट ओढून घ्यायचं. गवार आणि शेवगा एखादा दिवस थांबतात.